श्रावण संपल्यानंतर

श्रावणात कुणी काही विचारलं नाही.
श्रावणात अर्धी वाशी सोडते.
खोपकर तर महिनाभर
मसाला पापडावरचा कांदाही बाजूला काढतो.

मग गणपती गेले, नवरात्र गेलं,
आणि तरीही मी ग्लासावर हात ठेवला
तेव्हा टेबल एकदम गप्प,
कुणी गेल्याची बातमी आल्यासारखं.
'लिव्हर?' सुब्बूने हळूच विचारलं.
नाही रे. चारवरून एकवर आणलंय.
गाडी आणली की तोही नाही. सध्या.
हे 'सध्या' मी चण्यांच्या बशीसारखं
मध्ये सरकवलं,
सगळ्यांना बरं वाटावं म्हणून.

ऐकलं होतं, तरतरी येते.
ती कुठल्या सिग्नलला अडकली कोण जाणे,
इथे पोचलाय तो थकवा.
महाप्याला तीनच्या मीटिंगमध्ये
व्हेंडर दर सांगत असतो
आणि मला त्याच्या शून्यांत उशा दिसतात.
रविवारी चारला आडवा होतो, सातला उठतो,
बाहेर दिवे लागलेले,
क्षणभर कळत नाही
शाळेत जायचंय की ऑफिसला.
रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह ठीक, साखर ठीक,
थायरॉइड सज्जन माणसासारखं गप्प.
वय किती, डॉक्टरबाईंनी विचारलं.
सेहेचाळीस.
'मग!' म्हणाल्या, आणि कागद परत केला.

कांचन म्हणते, तू आधीही दमलेलाच होतास.
फक्त घरी यायचा तो
तू नसायचास, तुझा आवाज असायचा.

असेल.
दुसऱ्या पेगनंतर मला खोपकरची
देवगडची गोष्ट खरंच आवडायची,
ती बोट, ती सुरमई, तो हवालदार.
पाच वर्षांत सुरमई दोन किलोंची सात किलोंची झाली.
हल्ली ऐकताना
तिचं वजन माझ्या खांद्यावर येतं.
शुद्धीत हसायला
किती स्नायू लागतात हो.

सदानंद, मंगळूरकडचा, वीस वर्षं याच बारमध्ये,
न सांगता माझ्या ग्लासात सोडा ओततो,
वर थेंब थेंब कोला, रंग जुळेपर्यंत.
आज बिल ठेवताना कानाशी वाकला,
'मला पण चार वर्षं झाली साहेब.
सुरुवातीला नुसती झोप येते. येऊ द्यायची.'
किती दिवस, ते विचारायचं राहिलं.
नऊ नंबरला बर्फ हवा होता.

आता सगळ्यांना सोडायचं काम माझं.
सुब्बू सानपाड्याला. खोपकर जुईनगरला.
बिपिनला नेरूळला हलवून उठवायचं,
त्याची चप्पल सीटखालून शोधून द्यायची.
खोपकर उतरताना गहिवरतो,
खिडकीतून मान आत घालून म्हणतो,
तूच खरा मित्र.
उद्या त्याला आठवणार नाही.
मला आठवेल.
हल्ली मला सगळंच आठवतं,
त्यानेही दमायला होतं.

पामबीचवर पिवळे दिवे उघडझाप करत होते,
काच खाली केली तर खाडीचा वास.
बेलापूरला बेसमेंटमध्ये गाडी लावली,
इंजिन बंद केलं,
आणि हात काही स्टिअरिंगवरून खाली येईनात.
पाच मिनिटं, म्हटलं.

काचेवर टकटक. बॅटरीचा झोत.
वॉचमन मोरबाळे.
'काय सर, आज जास्त झाली?'

आठ वर्षं मी झोकांड्या खात यायचो
तेव्हा हा उठून सलाम ठोकायचा,
नजर फरशीवर.

'हो,' म्हणालो. तेच सोपं होतं.
त्याने दार उघडलं, दंडाला धरलं,
हळूहळू लिफ्टपर्यंत नेलं,
सातव्या मजल्याचं बटणही त्यानेच दाबलं.
मी सरळ चालत होतो.
तरी भार टाकला थोडा.