मागचं रीडिंग

रविवारी आम्ही धोपाव्याच्या धक्क्यावर
फेरीबोटीची वाट बघत असतो.
स्कूटरवर पुढे नभा उभी, मागे मंजिरी,
तिच्या मांडीवर डबा, डब्यात सासऱ्यांसाठी घावणे,
आणि हँडलला अडकवलेली नभाची एक चप्पल.
दुसरी मे महिन्यात खाडीत पडली.

तेव्हाच तिचं पहिलं क्रियापद आलं.
चप्पल तरंगत तरंगत समुद्राकडे निघाली
आणि ती हात लांब करून म्हणाली, गेली.
रडली नाही. नुसती बातमी दिली.
पुढे महिनाभर सगळंच गेली:
आजोबा गेली, दूध गेली, कावळा गेली.
वीज गेली, हे तेवढं बरोबर,
आणि मी, वीजमंडळाचा माणूस, ओशाळलो.

मी मीटर वाचतो. वेलदूर, अंजनवेल, वरवेली,
पडव्यापडव्यांतून मान वर करून.
मागचं रीडिंग, आत्ताचं रीडिंग, वजाबाकी.
त्याच वहीच्या शेवटच्या पानावर
तिचे शब्द लिहितो, तारीख घालून.
चार मार्च: बो. म्हणजे बोट, बस,
आणि तोंड उघडून माणसं आत घेणारं काहीही.
तीन जुलै: नको. (कधीकधी हो.)
ऑगस्ट: काल. म्हणजे आज सोडून कुठलाही दिवस.
काल जाऊ बोटीत, असं ती म्हणते,
आणि मंजिरी म्हणते, जाऊ हं, काल नक्की.

बोटीवर तिकिटं फाडायला मकबूल परकार.
तो दर खेपेला वाकून विचारतो, माझं नाव काय?
तिचं नाही, स्वतःचं.
म्हणतो, पोरांना त्यांचंच नाव विचारून
लोक उगाच कंटाळा आणतात.
आधी ती माझ्या गुडघ्यामागे.
मग बू. मग मबू.
मग एकदा, फळी खाली येताना,
साखळ्यांच्या खडखडाटात, लख्ख: मकबूल.
त्याने गठ्ठ्यातलं एक कोरं तिकीट फाडून तिला दिलं.
नऊ नोव्हेंबर.

ळ मात्र तिच्याकडे नव्हताच.
केलं खायची, नालल फोडायला लावायची,
कोलंबीच्या मिशांना भ्यायची.
सासूबाई म्हणाल्या, जिभेला वेखंड लावा.
सासरे म्हणाले, बातम्या देणाऱ्यांनाही येत नाही तो,
पोटं भरतायत की.

मग पौषात, दाभोळच्या बाजारात,
लोंगरापुढे उभी राहून ती
जीभ मागे वळवून वळवून बघत होती,
तोंडात गोटी असावी तशी.
आणि म्हणाली, केळं.
केळीवाल्याला काही विशेष वाटलं नाही. त्याने केळं दिलं.
मंजिरीने माझ्याकडे पाहिलं.
मी खिशात पेन चाचपत होतो.

सापडला तसा तिने तो सगळीकडे लावला.
फूळ. बाहुळी. गेळी.
दार उघडं राहिलं की शेजारची कोंबडी शिरावी
तसा घरभर ळ.
परतीच्या बोटीवर मकबूलने विचारलं, माझं नाव काय?
मकबूळ.
मी दुरुस्त करायला तोंड उघडलं.
राहू दे, तो म्हणाला,
बापाने दिलेलं त्यापेक्षा एक वेटोळं जास्तच आहे.

फळी वर गेली. इंजिन घुमलं.
मी वही उघडून हिशेबाला बसलो,
तेव्हा दिसलं की बो गेल्याची तारीखच नाही.
शेवटचा कधी म्हणाली, कुठल्या वळणावर,
ऐकायला कोण होतं, मी की मंजिरी,
की बसमधला कुणी अनोळखी.
येणाऱ्याची नोंद आहे, जाणाऱ्याची नाही.
मीटर असा चालत नसतो.

नभा कठड्याच्या गजांतून पाणी बघत होती.
हँडलवरची चप्पल वाऱ्याने हलत होती,
एव्हाना ती तिच्या पायालाही होत नव्हती.
चप्पळ काळ येईळ, ती म्हणाली.
येईल हं, मंजिरी म्हणाली. नक्की.