हयातीचा दाखला

पेन्शन ऑफिसच्या गेटवर त्या पोरीनं
माझ्याच खिशातला ऐवज माझ्यासमोर मांडला :
रुमाल, पासबुकाची झेरॉक्स, बीपीच्या गोळ्यांची पट्टी,
आणि तो.
"हाई काय शे, बाबा?"
चाकू, मी म्हणालो.
"ते माले दिसस. आतमा लई जावाना नही."
धुळ्याकडची असावी.
युनिफॉर्मवर अजून दुकानातल्या घड्या होत्या.

समोर लियाकतची लिंबू-सोड्याची गाडी.
जळगावात नोव्हेंबर फक्त कॅलेंडरवर येतो.
त्याला म्हणालो, अर्धा तास ठेव.
तो म्हणाला, ठेवा की.
पैसे असते तर मोजून दिले असते.
हा कसा मोजून देणार?

रांगेत हात दोनदा खिशात गेला,
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसा.

सारंगखेड्याच्या यात्रेत आप्पा घोड्या बघत फिरत होते.
घ्यायची नव्हतीच. दात बघायचे, भाव विचारायचा,
मान हलवून पुढं जायचं.
मी एकोणीस वर्षांचा, नुकताच बोर्डात चिकटलेला वायरमन.
पहिल्या पगारातले साडेआठ रुपये मोजले
आणि शिंगाच्या मुठीचा हा घेतला.
आप्पांनी पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं,
घोडीचा बघावा तसा त्याचाही दात बघितला.
म्हणाले, टिकेल.

टिकला. सत्तेचाळीस वर्षं.
यावल, किनगाव, धानोरा, अडावद,
केळीच्या बागांतून जेवढी वायर मी ओढली
तिची सालं यानंच सोलली.
शेतात भरीत असलं की वांग्यांना टोचे यानंच मारले,
आधी पुसला होता का, हे कुणी विचारलं नाही.
रमजान तडवी खांबावरून पडला, तेव्हा
त्याचा जळका शर्ट गळ्यापासून खाली यानंच फाडला.
रमजान वाचला.
भेटला की अजून शर्टाचे पैसे मागतो.

कपाच्या बुडावर घासून घासून
पातं आता निम्मं उरलंय, चिंचेच्या आकड्यासारखं.
आणि याच्यामुळे माझा एकही खिसा धड राहिला नाही.
कोकिळा नव्या पँटला आधी मांजरपाटाचं अस्तर लावायची,
लावताना शिव्या द्यायची त्याला,
मला नाही.
ही पँट तिच्यानंतरची.
टाके मोठे पडलेत.

"काका, अंगठा."
ठेवला. मशीन लाल.
"पुसून ठेवा." लाल.
"दुसरा." तोही लाल.
"रेषाच नाहीत तुमच्या," खिडकीतला मुलगा म्हणाला,
जणू मी त्या घरी विसरून आलो होतो.
मी अंगठा डोळ्यांजवळ नेला.
खरंच. नदीतल्या गोट्यासारखा.
चाकूच्या मुठीला उजव्या अंगानं एक खळगा पडलाय,
बरोबर याच मापाचा.
ओठावर आलं होतं की साहेब,
माझ्या रेषा गेटबाहेर आहेत, सोड्याच्या गाडीवर,
घेऊन येऊ का?
नाही बोललो.
मागं साठ-सत्तर माणसं
आपण जिवंत असल्याचं सांगायला खोळंबली होती.

शेवटी डोळ्यांवर भागलं.
कॅमेऱ्यात बघा, पापणी नका हलवू.
झालं, म्हणाला. आहात.

बाहेर आलो तर लियाकत लिंबं कापत होता,
त्यानंच.
फोडी एकसारख्या, पातळ, बी न चिरता.
"भारी चालतो, काका. विकायचा का?"
चिडायला हवं होतं मी.
त्याऐवजी थोडा फुगलोच,
पोराच्या बक्षिसाला टाळ्या वाजल्यासारखा,
आणि लगेच कुठंतरी बारीक टोचलं
की परक्या हातातही तो
अगदी तसाच चालला.

एक सोडा प्यायलो. पैसे तो घेईना, मी दिले.
चाकू पुसला नाही,
मिटला आणि ठेवला त्याच्या जागी.
यावलच्या बसमध्ये खिडकी मिळाली.
तापीचा पूल येईपर्यंत
अस्तर ओलं होऊन मांडीला चिकटलं होतं,
आणि शेजारची बाई
कुणाकडं लिंबं आहेत म्हणून
पिशव्यांकडं बघत होती.