कानकोंडा

हेल्दुरने केबल घेतली. अकराशे युरो.
लांबी दीड मीटर.
तेवढ्या पैशांत आमच्या टार्टूत
माणूस सुखाने दोन हिवाळे सरपण जाळेल.

पेटीत मखमल,
आणि केबलवर एक बारीक बाण:
आवाजाने कुठून कुठे जायचं ते.
मी म्हटलं, बरं झालं,
नाहीतर चुकून नदीकडे गेला असता.

हेल्दुर हसला नाही.
मला बूट काढायला लावले, पडदा ओढला,
आणि लावलं ते चर्चमधलं जुनं समूहगान.
चाळीस बायका, एक थंडगार घुमट.
दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये
कुणीतरी खोकतं.
"ऐकलंस?" तो म्हणाला.
"कालपर्यंत हा नुसता खोकला होता.
आज कळतंय, माणूस थोराड आहे, दाढीवाला,
गळ्यात लोकरीचा मफलर,
आणि उजवीकडच्या खांबाला टेकलाय."

मी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली.
तारेतून काय जातं ते मला विचारा.
ह्या तारेतून तर आवाज जातच नाही,
आकडे जातात. शून्य आणि एक.
पोहोचले तर पोहोचले,
नाहीतर सरळ तुटतं, खरखरतं, बंद पडतं.
चांदीतून गेला म्हणून शून्य
काही जास्त गोल होत नाही.

हे मी त्याला सांगितलं. दोनदा.
त्याने मला आणखी कॉफी ओतली.

शेवटी सोनारानेच कान टोचावेत म्हणून
त्याच्या नातीला बोलावलं. लेलो, वय चौदा.
ती कपाटामागे बसली
दोन केबली घेऊन: एक ही चांदीची,
दुसरी काळी, प्रिंटरसोबत फुकट आलेली.
तिने नाणं उडवायचं, येईल ती जोडायची,
आम्ही ओळखायची.
बरोबर आलं की बशीत एक वाटाणा.

सहा फेऱ्या झाल्या. हेल्दुरच्या बशीत तीन वाटाणे.
माझी बशी रिकामी,
कारण दर वेळी मी म्हणत होतो, "फरक नाही,"
आणि लेलो आतून ओरडायची,
"हे उत्तर धरत नाहीत!"

सातवी फेरी.
गाणं तेच, बायका त्याच,
पण घुमट वर गेला.
मागच्या रांगेत कुणीतरी श्वास घेतला
तो माझ्या मानेला लागला.
हेल्दुरच्या आधी मीच ओरडलो,
"ही! हीच चांदीची!"
"हीच," तो म्हणाला, डोळे मिटलेले.

लेलो कपाटामागून बाहेर आली.
चांदीची तिच्या हातात होती,
कात टाकल्यासारखी लोंबत.

माझं सगळं एक्स्चेंज
कानकोंडं होऊन खुर्चीत बसलं.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग स्वयंपाकघरात
एक हिसका देऊन फ्रिज सुरू झाला,
घुरघुर भिंतीतून आली,
आणि घुमट खाली बसला.

आता गाणं लावण्याआधी हेल्दुर
फ्रिजची पिन काढतो.
लोणी, दूध, धुरी दिलेला मासा बाल्कनीत.
जानेवारी आहे, उणे चौदा.
एप्रिलमध्ये काय करशील, विचारलं,
तर म्हणाला, एप्रिलमध्ये कमी ऐकेन.
केबल मात्र चांदीचीच जोडलेली.
"काढली तर अकराशे युरो
नुसते पडून राहतील ना," म्हणतो.
ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काल पुन्हा बसलो होतो, फ्रिज बंद.
दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये
तो खोकला आला.
कोरडा, दोनदा,
दुसऱ्यांदा मुठीत दाबलेला.

मी सव्वीस वर्षांचा होतो तेव्हा.
काडी पैलवान. दाढी धड येत नव्हती.
मफलर घरी विसरलो, म्हणून तर खोकला.

खांबाला मात्र टेकलो होतो.
उजवीकडच्या.

हे मी हेल्दुरला अजून सांगितलेलं नाही.