पेला

लढाई कुठंही पेटो,
आमच्या काट्यावर ती आधी तेलाच्या भावात कळते.
लातूरच्या मिलमध्ये मी रात्रपाळीला वजनं लिहितो.
काल शेठ म्हणाला, अजून महिनाभर असंच चालू दे रे देवा,
ड्रायव्हर हसले. मीही हसलो.
पावतीखाली कार्बन नीट बसला नव्हता,
पुन्हा लिहिली.

पहाटे घरी आलो तर महादेवी फरशीवर बसलेली,
समोर पोराचा मोबाइल, आवाज बंद.
पडद्यावर एक गल्ली होती, म्हणजे गल्लीचा ढीग.
देशाचं नाव मला धड म्हणता येत नाही.
माणसं हातांनी उपसत होती,
मध्येच एक जण हात वर करायचा
आणि सगळे जागच्या जागी थांबायचे.

ती त्या थांबण्याची वाट बघत होती.
थांबले की
पितळी पेला फरशीवर ठोकायची.
तीनदा. दम खाऊन. तीनदा.

माहेराहून तिनं आणलेला हा एवढाच पेला,
काठ चेपलेला. तांबटाला सरळ करू दिला नाही कधी.
आठ वर्षांची होती. गणपती बुडवून गाव झोपलं होतं.
दगडमातीच्या भिंतीखाली हाताला हा लागला,
किती वेळ वाजवला ते तिला सांगता येत नाही.
मग वरून कुणीतरी
दगडावर दगड मारला.

ज्यानं ओढून काढलं, त्याची भाषा तिला कळली नाही.
फौजेतला. लांबच्या मुलखातला असावा.
त्याची नखं फुटली होती आणि तो रडत होता,
इतकाच तो तिच्यापाशी उरलाय.
धाकटी बहीण शेजारीच होती.
तिच्या हाताला काही लागलं नाही.

आमच्यात सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन बसतात,
नजर तिथंच, पापणी लवू द्यायची नाही.
महादेवी रोज बसते, चुकवत नाही.
पण ती तसली नजर
मी त्या दिवशी पेल्यावर पाहिली.

पोरगं अंथरुणातूनच म्हणालं,
"आई, कालचा व्हिडिओ हाय तो. कुणाला ऐकू जाणाराय?"
"व्हय की," ती म्हणाली.
"खालच्याला तरी कुठं ठावं असतंय,
वर कुणी हाय का न्हाई."

"अगं, किती वेळ वाजवणार?"
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"ते वाजवलालेत तवर."

मी हात धुवून आलो.
बोटांवरचा कार्बनचा निळा काही सगळा गेला नाही.
तिच्या बाजूला बसलो,
माझ्याकडं वाजवायला काही नव्हतं, म्हणून मूठच
फरशीवर ठोकली. भलत्याच वेळी.

तिनं माझं मनगट धरलं.
"आधी ऐका," म्हणाली.

पडद्यावरच्या माणसानं
पुन्हा हात वर केला होता.