दोन क्रेडिट

मंगळवार, साडेअकरा, केगाव, सेमिनार हॉल.
सतरंजीवर आम्ही एकतीस जण, चपला दाराबाहेर,
आणि आतल्या कुणालाच ठाऊक नाही
डोळे मिटल्यावर नेमकं कुठे बघायचं असतं.

मी आले ती दोन क्रेडिटसाठी. खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी बागवान मॅडम म्हणाल्या, बेदाणे संपलेत,
शेंगदाण्यावर भागवू.
एकेक दाणा तळहातावर.
आधी नुसता बघा. मग हुंगा. जिभेवर ठेवा, चावू नका.
सोलापुरात वीस वर्षं काढून
मी शेंगदाणा कधी एकटा पाहिलाच नव्हता.
तो नेहमी तिखटात, लसणात, कुटलेला,
कडक भाकरीच्या तुकड्यावर.
साल निघालं. मधे बारीकसा कोंब,
परीक्षेच्या आदल्या रात्री मी बसते
तसाच वाकून बसलेला.
मागे कुणीतरी कडकन चावला. सगळे हसलो.

श्वास मात्र जमेना.
मोजा म्हटलं की मी मोजतेच, संख्याशास्त्र आहे माझं:
सात श्वास, दोन विषय राहिलेले,
पाण्याचा दिवस परवा, पिंपं तीन,
अम्माच्या विड्या हजाराला दोनशे कमी.
मॅडम म्हणाल्या, मन भटकलं तर परत आणा,
रागावू नका त्याच्यावर.
न रागावता मला परत बोलावलेलं
कुणी आठवेना.

घरी सांगितलं. नाना सगळं ओरडूनच विचारतात,
मागांजवळ उभं राहून राहून कान गेलेत.
"काय शिकवतात?"
"लक्ष द्यायला!"
"कशाकडं?"
ते मला सांगता आलं नाही.
ते जेवत राहिले. मग म्हणाले,
आठ माग एकदम धडधडत असले तरी
एक धागा तुटला की मला कळायचं.
कानानं नाही. तळपायानं.
आता नवं मशीन आपोआप थांबतं.
हे अभिमानानं म्हणाले की कसं, कळलं नाही.
अम्मा पानं कातरत म्हणाली,
डोळे मिटून लक्ष दिलं तर छाट किती निघेल.

पाचव्या मंगळवारी लाईट गेली.
एप्रिल. बेचाळीस. पंखा गरगरत गरगरत थांबला.
हायवेवरचे ट्रक, मानेवरचा घाम,
तेवीस श्वास, चोवीस,
आणि माझ्या मागच्या ओळीत
मल्लिनाथचा श्वास आत गेला
तो बाहेर आलाच नाही बराच वेळ,
आला तेव्हा तुकड्यातुकड्यांनी.
कानांना कळलं म्हणावं तर आवाज नव्हता.
फरशीवरून आलं काहीतरी.

नियमाप्रमाणे मी माझ्या श्वासाकडे परत यायला हवं होतं.
नाही आले.

नंतर थांब्यावर तो म्हणाला,
अकरा दिवस झोप नाही.
होस्टेलच्या छताला तडे किती, सांगू?
मी म्हटलं, सांग.
तो सांगत होता. सिटी बस आली, गेली.
उपाय मी सांगितला नाही, मला येतही नव्हता.
ऐकत होते, भटकत होते, परत येत होते.
दुसरी बस यायच्या आत
आम्ही उन्हातून पुन्हा आत चालत गेलो,
बागवान मॅडमच्या खोलीपर्यंत.

दाराशी चप्पल काढता काढता
त्यानं दप्तराच्या छोट्या कप्प्यातून काढून दाखवला
पहिल्या मंगळवारचा शेंगदाणा.
सालासकट, अख्खा.
"तेव्हा खाल्लाच गेला नाही," म्हणाला.