जागा इल्ला

उद्यमबागेतल्या फौंड्रीत दर अकरा-बारा रात्रींनी
भट्टीचा कंट्रोलर मरायचा.
कधी पावणेतीनला, कधी चारच्या पुढं.
आकडा चौदाशे दहावर गोठायचा
आणि लॅडलमधलं लोखंड कुणाला न विचारता निवायचं.

निंगप्पा अडिवेरचा फोन यायचा,
"सांबरेकर बाई, परत तेच. जागा इल्ला अंतद."
जागा हा शब्द आमच्या दोघांचा,
नकार तेवढा त्याच्या भाषेतला.

लॉग उघडला. कर्नलनं नीट लिहून ठेवलं होतं:
आठ पानं सलग मागितली, मिळाली नाहीत.
आणि चार ओळी खाली, त्याच अक्षरात,
मोकळी पानं दोन हजार एकशे सहा.

तीन दिवस मी चोर शोधला.
घेतलेलं प्रत्येक पान परत केल्याच्या ओळीशी लावून पाहिलं.
हिशेब जुळला.
इतका जुळला की मला राग आला.

गुरुवारी तिसऱ्या गेटला खानापूरची बस धरली.
मच्छ्याला पाच जणांचं एक घर चढलं,
एक म्हातारा, दोन जावा, एक पोरगं, एक तान्हं,
आणि भाकऱ्यांचा डबा.
नऊ जागा रिकाम्या. दोनसुद्धा शेजारी नाहीत.
थोरली म्हणाली, बसू तर सगळी एकत्र, नाहीतर उभीच.
कंडक्टर ओरडला, "सरीरी, स्वल्प सरीरी!"
काही सरकले.
खिडकीजवळचा एक जण झोपेत खिळलेला, तो काही हलेना,
आणि त्याच्या एकट्यापायी अख्खी रांग अडली.

शेवटी म्हातारा जिथं सापडली तिथं टेकला.
मग धाकटी. मग पोरगं, पार मागं.
देसूरच्या पुढं डबा निघाला
आणि डोक्यांवरून, परक्या हातांतून,
ज्याच्या त्याच्या भाकरीसह पोचला.
कोण कुठं बसलंय, थोरलीला पाठ होतं.

मी माझ्या स्टॉपला उतरायची विसरले.

रात्री ती ओळ सापडली.
सहा वर्षांपूर्वीची. वर शेरा: इथं नकार येत नाही.
खाली माझीच आद्याक्षरं.
मागितलं, आणि काय हातात आलं ते न बघता
त्यावर लिहायला लागले होते मी,
शून्यावर, म्हणजे कुठंच नाही तिथं.
कर्नल खोटं बोलला नव्हता.
तो रीतसर नाही म्हणाला होता,
ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

थांबायची सोय तशीही नव्हती तिथं.
सेन्सरची हाक आली की आहे त्या पावली घ्यायचं,
रांग लावायची नाही, डोळा मिटायचा नाही.
म्हणून मागणंच बदललं.
आठ सलग नकोत. एकेक दे, कुठलंही दे,
पत्ते मी जपीन.
आणि पाचव्यालाच नाही म्हणालास
तर आधीची चार परत करीन, उलट्या क्रमानं,
साचा सोडताना वरची पेटी आधी उचलतात तशी.
एक नोंद हुकेल. भट्टी हुकणार नाही.

निंगप्पाला हे पटेना.
"आता पुन्हा अकरा रात्री वाट बघायची होय?"
नाही म्हटलं, आज नाहीच म्हणायला लावू त्याला.
दर शंभराव्या मागणीला मुद्दाम नकार, असं लावलं
आणि दोघं बाकावर बसून बघत राहिलो.

नाही. नाही. नाही.
पहाटेपर्यंत चार हजार तीनशे बारा वेळा नाही,
आणि आकडा चालत होता,
चौदाशे आठ, चौदाशे अकरा, चौदाशे नऊ.

सहाला चहा आला, तेव्हा निंगप्पा स्क्रीनकडं बघत
कुणाला तरी म्हणाला, "इल्ला अंदरू नडीतद."
नाही म्हटलं तरी चालतंय.

जुना शेरा खोडला.
त्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना,
शेवटी तारीख टाकली
आणि आद्याक्षरं तीच ठेवली.