ताहिक

कारेल टॅलिनहून आला होता दोन दिवसांसाठी,
आम्हाला नवं पॅनेल शिकवायला.
भिंतीएवढ्या पडद्यावर छत्तीस चौकोन,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका.
म्हणाला, कंटेनरना नाव द्यायचं नाही, जीव लावायचा नाही.
ही गुरं समजा. एक पडलं की काढून टाका,
त्याच साच्यातून दुसरं उभं करा,
चार सेकंदांत.

मी त्याच्या बुटांकडे पाहिलं.
गोठ्यात एकदा तरी गेलेला बूट
वेगळा दिसतो.

आमच्याकडे अकरा होत्या, व्होरूच्या अलीकडे.
बाबांनी प्रत्येकीच्या गव्हाणीवर खडूनं नाव लिहिलेलं:
लेहिक, मुस्तिक, पुनिक,
आणि ताहिक, कपाळावर चांदणी,
जी धारेला बसलं की हमखास लाथ मारायची.
बाबा म्हणायचे, मारू दे.
निदान सांगते तरी.

आता रात्रपाळी. जानेवारी, उणे एकोणीस.
दूध संघाच्या वरच्या मजल्यावर मी एकटी,
खाली टँकर उभे, इंजिनांना विजेची ऊब लावून.
दोनशे चौदा शेतांवरच्या दुधाच्या टाक्या
आपापलं तापमान सांगत असतात.
चारच्या वर गेलं की कोणाच्या तरी उशाशी फोन वाजतो.
ते ऐकणारे, लिहून घेणारे, फोन लावणारे
सगळे त्या चौकोनांत.
माझं काम राखणीचं:
कोण अधाशासारखी मेमरी खातंय, कोण सुस्तावलंय,
कोणाचं दावं आखडायचं, कोणाचं सैल सोडायचं.

सगळं हिरवं होतं.
सातव्या चौकोनाखाली बारीक अक्षरांत:
चालू आहे, सहा मिनिटांपासून.
सहाच?
बाकीचे एक्क्याण्णव दिवसांपासून.
शेजारच्या रकान्यात,
जो पाहायला कारेलनं सांगितलंच नव्हतं,
रीस्टार्ट: ऐंशी.

ऐंशी रात्री मेलं होतं ते,
तीन वाजून दहा मिनिटांनी,
आणि चार सेकंदांत उठून उभं राहिलं होतं,
बिनबोभाट.

दारात माणूस आला की आजारी गायही उभी राहते.
उभी आहे का ते बघू नकोस, बाबा म्हणायचे,
रवंथ करते का ते बघ.

मी लॉग उघडला.
चघळलेल्या आकड्यांच्या ओळीमागून ओळी,
तीन पूर्णांक एक, तीन पूर्णांक चार, दोन पूर्णांक नऊ,
आणि तीन दहाला उर्वास्तेच्या एंडेलची टाकी:
तापमानाच्या जागी काहीच नाही.
शून्य नव्हे. रिकामं.
ते रिकामपण त्याच्या घशात अडकायचं,
दर रात्री.

सकाळी सातला फोन केला.
एंडेलनं गाई विकल्या होत्या ऑक्टोबरअखेर,
सीमेपलीकडे, लाटव्हियातल्या कोणाला तरी.
टाकी धुऊन कोरडी केली होती.
सेन्सरची तार तेवढी काढली नाहीस, मी म्हटलं.
बराच वेळ फोनमध्ये नुसती लाकडं तडतडत होती.
मग:
त्याला एक हिरवा दिवा आहे.
रात्री उठलो की दिसतो.

'ही टाकी वगळा' असं बटण आहे पॅनेलवर.
ते मी दाबलं नाही.
एक ओळ वाढवली फक्त:
रिकामं आलं तर रिकामं असं लिहून घे,
पुढच्या टाकीकडे जा.
आणि सातव्याच्या लेबलवर, खडू नव्हता म्हणून कीबोर्डनं,
नाव ठेवलं, ताहिक.

कारेलनं पुढच्या भेटीत नावं ठेवली, ते आलंच.
त्याच रात्री अपडेट होतं.
छत्तीसच्या छत्तीस काढून टाकले, छत्तीस नवे उभे केले.
लेबल फाइलमधलं,
म्हणून नव्याच्याही कपाळी आलं.

तीन दहा. एंडेल, उर्वास्ते: रिकामं.
तीन अकरा. पुढची टाकी.
तीन पूर्णांक दोन.